एआरटीची खोली आणि उरलेले रुग्णालय

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्हा रुग्णालयात सकाळी साडेनऊलाच एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधोपचाराच्या, केंद्राबाहेरचा बाक भरून जातो. कुणी पहाटेची एसटी धरून आलेले असते, कुणी मुलाला शाळेत सोडून, तर कुणी मुकादमाला ‘दवाखान्यात जातोय’ एवढेच सांगून. त्या दिवशी औषधाच्या खिडकीशी पन्नाशीच्या एका बाईंनी गोळ्यांच्या तीन बाटल्या घेतल्या. तिथेच उभ्या राहून त्यांनी प्रत्येक बाटलीचे लेबल नखाने खरवडून काढले आणि खिडकीखालच्या टोपलीत टाकले. मग विचारले, “कापूस हाय का ओ, दादा?” औषध देणाऱ्या दादांनी कारण न विचारता कापसाचा बोळा पुढे केला. कापूस कोंबला की बाटलीतल्या गोळ्या खुळखुळत नाहीत, आणि पिशवी वाजली नाही की एसटीत शेजारी बसलेले कुणी काही विचारत नाही. टोपली तोवर अशाच लेबलांनी अर्धी भरली होती.

त्या बाईंना अलीकडे मधुमेहही निघाला आहे आणि गुडघेही दुखतात. त्यासाठी जिन्यापलीकडच्या मेडिसिन ओपीडीत जायचे म्हणजे नवा केसपेपर, नवी रांग, नवे डॉक्टर. “आणखी कुठली औषधं चालू आहेत का?” या प्रश्नाला त्या “नाही” म्हणतात. टेबलाभोवती आणखी चार पेशंट उभे असतात, त्यातले एक त्यांच्याच गावचे असू शकते. एकाच बाईंचे एकाच इमारतीत दोन केसपेपर आहेत आणि ते दोन्ही कधी एका टेबलावर येत नाहीत.

एचआयव्हीसह जगणाऱ्यांचे उपचार असेच वेगळ्या खोलीत चालू ठेवायचे की रुग्णालयाच्या नेहमीच्या ओपीडीत मिसळून टाकायचे, हा आजचा प्रश्न आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या पाचव्या टप्प्याची आखणी १ एप्रिल २०२१ ते ३१ मार्च २०२६ या पाच वर्षांसाठी, १५ हजार कोटी रुपयांहून अधिक तरतुदीने झाली. त्यापुढची घडी बसवताना या प्रश्नाला बगल देता येणार नाही. दोन्ही बाजूंना कळकळीने बोलणारी माणसे आहेत आणि दोघांच्याही पदरी अनुभव आहे. म्हणून उत्तराची घाई न करता दोन्ही बाजू नीट तोलून पाहिल्या पाहिजेत.

ही खोली वेगळी का झाली, तिथून सुरुवात करू. भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ साली चेन्नईत झाली. डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी ती केली. सुनीतीताई माहेरच्या गायतोंडे. चेन्नईत स्थिरावलेल्या मराठी घरातल्या. त्या नोंदीनंतर देशात जे पसरले त्यात आजारापेक्षा भीती जास्त होती. गोव्यात १९८९ साली डॉमिनिक डिसोझा या तरुणाने रक्तदान केले, त्या रक्तात विषाणू सापडला आणि म्हापशात पोलिसांनी त्याला ताब्यात घेतले. क्षयरोग्यांसाठीच्या एका जुन्या इमारतीत त्याला ६४ दिवस एकट्याला ठेवले गेले. त्याच्या आईने उच्च न्यायालयात दाद मागितली. डॉमिनिक सुटला, पण विलगीकरणाची तरतूद न्यायालयाने कायमच ठेवली. वेगळी खोली हे त्या काळी सरळसरळ कोठडीचे नाव होते.

खोलीचा अर्थ बदलला तो औषधाने. विषाणूला रोखणारी तीन औषधांची जोडणी १९९६ च्या सुमारास आली, पण तिचा वर्षाचा खर्च दहा-पंधरा हजार डॉलर होता. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने ती वर्षाला ३५० डॉलरना, म्हणजे दिवसाला एका डॉलरपेक्षाही कमी दरात देऊ केली आणि जगभर हिशेब पालटला. १ एप्रिल २००४ रोजी सरकारने मोफत एआरटी सुरू केली ती देशातल्या आठ रुग्णालयांतून. त्यात मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. तेव्हा औषध मिळायचे ते प्रतिकारशक्तीच्या सीडी४ पेशी २०० च्या खाली उतरलेल्यांना, म्हणजे पुष्कळदा खांद्यावर घालून आणलेल्या माणसांना. पुढे ही मर्यादा वर वर सरकत गेली आणि २०१७ पासून अहवाल पॉझिटिव्ह आला की सीडी४ कितीही असो, उपचार सुरू करायचे असे ठरले. आज बहुतेकांना टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर यांची मिळून दिवसाला एकच गोळी पुरते. २०१० नंतर देशात एड्सने होणारे मृत्यू तीन चतुर्थांशाहून अधिक घटले आहेत. हे यश प्रामुख्याने या वेगळ्या खोल्यांचे आहे, ही गोष्ट आधी मोकळेपणाने मान्य केली पाहिजे.

मग ती मिसळून टाका असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे काय आहे? त्यांचा पहिला मुद्दा वयाचा आहे. देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत आणि त्यांतले सर्वाधिक, चार लाखांच्या आसपास, महाराष्ट्रात आहेत. २००४ साली तिशीत उपचार सुरू केलेला माणूस आज पन्नाशी ओलांडून गेला आहे. त्याला आता रक्तदाब आहे, साखर आहे, कुणाची मूत्रपिंडे कुरकुरत आहेत, कुणाला मोतीबिंदू झाला आहे. विषाणू गोळीने दबलेला असताना त्याचा जीव जायचाच असेल तर तो हृदयविकाराने जाण्याचा संभव वाढतो आहे. एआरटीच्या खोलीत या सगळ्याची सोय नाही, आणि असावी अशी अपेक्षाही रास्त नाही.

दोन केसपेपर कधीच एकत्र आले नाहीत तर धोका प्रत्यक्ष असतो. डोल्युटेग्रॅव्हिर चालू असताना मधुमेहाच्या मेटफॉर्मिनचे रक्तातले प्रमाण वाढते, म्हणून त्याचा डोस जपून ठरवावा लागतो. कॅल्शियमच्या किंवा लोहाच्या गोळ्या, आम्लपित्ताची काही औषधे याच गोळीबरोबर पोटात गेली तर तिचे शोषणच कमी होते. क्षयरोगासाठी रिफाम्पिसिन सुरू झाले की डोल्युटेग्रॅव्हिर दिवसातून दोनदा द्यावे लागते. हे काही गूढ ज्ञान नाही, तक्त्यावर मावेल एवढे आहे. पण खिडकीशी लेबल खरवडणाऱ्या त्या बाई जिन्यापलीकडे “नाही” म्हणतात, तेव्हा गुडघ्यांसाठी लिहून मिळालेले कॅल्शियम त्या सकाळी एआरटीच्या गोळीसोबतच गिळत नसतील कशावरून? मेडिसिनच्या डॉक्टरांना ते कळायला वाव नाही आणि एआरटीच्या डॉक्टरांना कॅल्शियम चालू असल्याचा पत्ता नाही. मिसळण्याच्या बाजूचा हा सर्वांत बळकट मुद्दा आम्हाला वाटतो.

दुसरा मुद्दा पाटीचा. त्या बाकावर बसणे म्हणजेच स्वतःची ओळख जाहीर करणे. अनेकजण आपल्या तालुक्याचे केंद्र सोडून दुसऱ्या जिल्ह्यातल्या केंद्रात नाव घालतात, दिवसाची मजुरी बुडवून शंभर-दीडशे किलोमीटर प्रवास करतात, ते गावचे कुणी दिसू नये म्हणून. ही खोलीच नसती आणि सगळे एकाच रांगेत असते, तर कोण कशासाठी आले आहे हे कुणाला कळले असते?

या म्हणण्याला पुरावा आहे आणि तो प्रसूतिविभागात सापडतो. गरोदर बाईची एचआयव्ही तपासणी तिथे रक्तगट, हिमोग्लोबिन यांच्याच ओळीत बसली. सगळ्यांचीच होते, म्हणून कुणा एकीकडे बोट दाखवले जात नाही. २०१४ पासून पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येक गरोदर बाईला आयुष्यभराचे उपचार देण्याचे धोरण आहे. वेळेवर उपचार मिळाले तर बाळाला लागण होण्याची शक्यता शंभरात दोनच्याही खाली येते. ही तपासणी एखाद्या वेगळ्या खोलीतच होत राहिली असती, तर किती जणी तिथवर पोचल्या असत्या?

तिसरा मुद्दा फारसा बोलला जात नाही, पण आम्हाला तो मोलाचा वाटतो. एचआयव्हीने आपल्या सरकारी रुग्णालयांना प्रतिकारशक्तीची भाषा शिकवली. सीडी४ मोजणाऱ्या प्रयोगशाळा, त्यासाठीचे फ्लो सायटोमीटर यंत्र, ते चालवणारे तंत्रज्ञ, नमुने वेळेत पोचवण्याची शिस्त हे सारे या कार्यक्रमाने जिल्ह्यांपर्यंत नेले. पण प्रतिकारशक्ती ढासळण्याचे कारण नेहमी एचआयव्हीच असते असे नाही. काही मुले जन्मतःच अशी दुबळी असतात. त्यांना वारंवार न्यूमोनिया होतो, कान फुटतो, लसीनंतरच्या गाठी चिघळतात. घरचे डॉक्टरमागून डॉक्टर बदलत राहतात. एचआयव्हीची तपासणी निगेटिव्ह आली की सुटकेचा नि:श्वास टाकून पुढचा तपास तिथेच थांबतो. अशा मुलांचा छडा लावणाऱ्या संस्था मोजक्या आहेत. परळला केईएमच्या आवारातली राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था ही त्यातली एक. क्लिनिकल इम्युनॉलॉजी हा विषय आपल्याकडे बहुधा संधिवाताच्या जोडीने शिकवला जातो आणि तज्ज्ञ असतात ते मोठ्या शहरांत. एचआयव्हीच्या निमित्ताने उभे राहिलेले कौशल्य भिंतीच्या आतच कोंडून ठेवले, तर शेजारच्या बालरोग विभागातल्या मुलाला त्याचा उपयोग होत नाही. यंत्राच्या क्षमतेप्रमाणे ते सर्वांसाठी खुले व्हावे, ही मागणी वाजवी आहे.

आता दुसरे पारडे. वेगळी खोली राहिलीच पाहिजे असे म्हणणाऱ्यांत सर्वांत पुढे आहेत ते स्वतः एचआयव्हीसह जगणारे लोक. ज्याला पाटीचा जाच होतो तोच पाटी असलेली खोली टिकवा म्हणतो, हे वरवर पाहता कोड्यात टाकणारे आहे. पण त्या खोलीत काय घडते ते पाहिले की कोडे सुटते. तिथे समुपदेशक असतात. “मॅडम, नवरा गेल्या महिन्यापासून गोळ्या घेत नाही” हे वाक्य ऐकायला त्यांना वेळ असतो. तारीख चुकली की दोन-तीन दिवसांत फोन जातो. फोन लागला नाही तर कार्यकर्ता घरी जातो, आणि तोही दारात दवाखान्याचे नाव न घेता. व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचे प्रमाण) वाढलेला आला तर कुणी रागावत नाही. ‘काय झालं, सांगा’ असे विचारले जाते. ही गोळी आयुष्यभर, रोज, न चुकता घ्यायची आहे. ती घेण्याची सवय ओळखीच्या माणसाच्या आधाराने लागते. औषध फक्त पिशवीत पडून भागत नाही. मेडिसिन ओपीडीत एका सकाळी दीड-दोनशे केसपेपर संपवणाऱ्या निवासी डॉक्टरकडे एका माणसासाठी तीन मिनिटे असतात. त्याला दोष देता येत नाही. पण त्या तीन मिनिटांत हे नाते उभे राहत नाही.

गुप्ततेचा मुद्दाही दोन्हीकडे कापतो. बाकावर बसल्याने ओळख उघड होते हे खरे. पण नेहमीच्या ओपीडीत केसपेपर हातोहात फिरतो, नाव मोठ्याने पुकारले जाते आणि आजारही. एआरटीच्या बाकावर निदान शेजारी बसलेला स्वतःही त्याच नावेतला असतो. तो तुमचे गुपित गावात नेत नाही, कारण तुमच्याकडे त्याचेही असते.

आणि उरलेले रुग्णालय या लोकांशी कसे वागते? आमच्या ओळखीच्या एका रिक्षाचालकाचे हर्नियाचे ऑपरेशन ठरले होते. एचआयव्हीचा अहवाल येईपर्यंत सगळे सुरळीत होते. अहवाल आला त्या दिवशी ‘आज लिस्ट भरली’ असे सांगितले गेले, पुढच्या आठवड्यात ‘भूलतज्ज्ञ रजेवर आहेत’, त्याच्या पुढच्या आठवड्यात ‘मोठ्या रुग्णालयात दाखवा’. तोवर त्याच्या फाइलच्या कव्हरवर लाल पेनने एक खूण उमटली होती. जेवणाचे ताट आणणाऱ्या मामांनाही त्या खुणेचा अर्थ ठाऊक होता. तो दीड महिना पोटाला पट्टा बांधून रिक्षा चालवत राहिला. शेवटी एआरटीच्या समुपदेशकांनी दुसऱ्या रुग्णालयातल्या सर्जनना फोन केला तेव्हा ऑपरेशन झाले. २०१८ च्या सप्टेंबरपासून लागू असलेल्या एचआयव्ही कायद्याने असा भेदभाव बेकायदा ठरवला आहे. वीस किंवा त्याहून अधिक माणसे काम करतात अशा प्रत्येक आरोग्यसंस्थेत तक्रार अधिकारी असलाच पाहिजे, असेही हा कायदा सांगतो. पण रिक्षाचालकाला तो अधिकारी कोण हे माहीत नव्हते. खरे तर तिथल्या परिचारिकेलाही माहीत नव्हते.

या वागण्यामागे दुष्टावा असतो असे आम्ही म्हणणार नाही. बहुतेक वेळा भीती असते आणि ती अर्धवट माहितीतून येते. दूषित सुई टोचली तर एचआयव्ही होण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास असते. हिपॅटायटिस बी ची त्याहून कितीतरी जास्त असते, पण त्या फाइलवर कुणी लाल खूण करत नाही. सुई टोचल्यावर ७२ तासांच्या आत, खरे तर जमेल तितक्या लवकर, प्रतिबंधक औषध सुरू करता येते. उपचारांनी विषाणू दबलेला माणूस तर जोडीदारालाही लागण करत नाही. नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांवरच्या ज्या अभ्यासातून २०११ साली लवकर उपचारांमुळे संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो हे पुढे आले, त्यात पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतही सहभागी जोडपी होती. हे ज्ञान ज्या पुण्यात घडले, तिथून ते ऑपरेशन थिएटरपर्यंत अजून पुरते पोचलेले नाही. जिथे माणसाचे स्वागत नाही अशा ठिकाणी त्याला ‘मिसळून’ टाकणे म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडणे, असे खोली राखू पाहणारे म्हणतात. या म्हणण्याला जोर आहे.

मिसळण्याची किंमत काय असते, याचा धडा महाराष्ट्राला कुष्ठरोगाने दिला आहे. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचे अमरावतीचे तपोवन आणि बाबा आमट्यांचे आनंदवन ज्या मातीत उभे राहिले, त्या मातीला वेगळेपणाचे दु:खही कळते आणि निगराणीचे मोलही. या शतकाच्या सुरुवातीला कुष्ठरोगाचे काम सर्वसाधारण आरोग्यसेवेत विलीन झाले, आणि २००५ च्या अखेरीस सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून कुष्ठरोग संपला असे जाहीर झाले. कलंक कमी करण्याच्या दृष्टीने ते योग्यच पाऊल होते. पण चट्टा पाहून, नस चाचपून निदान करणारे हात हळूहळू निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी तसे हात आले नाहीत. आजही देशात दर वर्षी एक लाखाहून अधिक नवे कुष्ठरुग्ण सापडतात, आणि काही जण बोटे वाकडी झाल्यावरच सापडतात. विलीनीकरण चुकले असे यातून सिद्ध होत नाही. नुसता फलक उतरवला आणि कौशल्य पुढे सोपवले नाही, तर हानी होते, एवढे मात्र निश्चित सिद्ध होते.

औषधांच्या तुटवड्याकडेही दोन्ही बाजूंनी पाहावे लागते. २०२२ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या कार्यालयासमोर एचआयव्हीसह जगणारे लोक महिनाभराहून अधिक काळ बसून होते, कारण केंद्रांवर महिन्याऐवजी चार-चार, आठ-आठ दिवसांच्या गोळ्या हातावर टेकवल्या जात होत्या. एकाच कार्यक्रमाची एकच खरेदी अडली की सगळा देश अडतो, असे मिसळण्याच्या बाजूचे लोक यावरून म्हणतात. पण खोली वेगळी होती म्हणूनच दाद कोणाकडे मागायची हे लोकांना ठाऊक होते, हेही तितकेच खरे. जिल्हा रुग्णालयात रक्तदाबाची गोळी नसते तेव्हा कुणीही धरणे धरत नाही. माणसे मुकाट्याने बाहेरच्या मेडिकलमध्ये जातात किंवा गोळी सोडून देतात. वेगळ्या कार्यक्रमाने या लोकांना एक पत्ता दिला आणि एकमेकांची ओळख दिली. एचआयव्ही कायद्यात उपचारांच्या तरतुदीपुढे ‘शक्य तितके’ अशी मोकळीक ठेवली गेली, तेव्हा तिच्याविरुद्ध आवाज उठवणारेही याच ओळखीतून एकत्र आले होते.

अशी दोन्ही पारडी भरलेली असताना कौल कुणीकडे द्यायचा? आमचे मत असे की आज खोली मोडू नये. पण आज ती जशी चालते आहे तशीही चालू देऊ नये. खोली ही माणसाची हक्काची जागा असावी. एवढीच एक जागा त्याच्या वाट्याला यावी, हे मात्र आम्हाला मान्य नाही. खोली टिकवायची ती बाकीच्या रुग्णालयाला जबाबदारीतून मोकळे करण्यासाठी नव्हे, असा दंडक घालून ती टिकवावी.

त्यासाठी क्रम महत्त्वाचा आहे. आधी उरलेले रुग्णालय तयार व्हावे, मग माणसे तिकडे जावीत. प्रत्येक वॉर्डात सुरक्षिततेची साधने आणि सुई टोचल्यानंतरचे औषध रात्रीही हाताशी असावे. एआरटीबरोबर कोणते औषध चालते आणि कोणते जपून द्यायचे याचा मराठीतला तक्ता प्रत्येक ओपीडीच्या टेबलावर असावा. तक्रार अधिकाऱ्याचे नाव आणि फोन दर्शनी भागात, डॉक्टरांच्या वेळापत्रकाशेजारी लावलेला असावा. लाल खुणेची फाइल सापडली तर विभागप्रमुखाला जाब विचारला जावा. यातल्या एकाही गोष्टीला नवी इमारत लागत नाही.

दुसरे म्हणजे सगळ्यांना एकच माप लावू नये. ज्यांचा विषाणू वर्षानुवर्षे दबलेला आहे आणि तब्येत ठीक आहे, त्यांना दर महिन्याला जिल्ह्याला बोलावण्यात अर्थ नाही. कोविडच्या काळात नाइलाजाने एकदम काही महिन्यांच्या गोळ्या दिल्या गेल्या आणि आभाळ कोसळले नाही. एआरटी केंद्रांना जोडलेल्या लिंक केंद्रांनी तालुक्याच्या ठिकाणी औषध देण्याची वाट आधीच पाडली आहे. क्षयरोग आणि एचआयव्ही दोन्ही असणाऱ्यांना एकाच खिडकीतून दोन्ही औषधे मिळण्याची पद्धतही रुळली आहे. या वाटा रुंद कराव्यात. पण नव्याने निदान झालेला माणूस, सीडी४ २०० च्या खाली घेऊन आलेला माणूस, औषध निष्फळ ठरलेला माणूस आणि जन्मापासून गोळ्या घेत आता कॉलेजात पोचलेली मुले, यांना खोलीची गरज आहेच. पंधरा-सोळाव्या वर्षी ‘मीच का?’ म्हणून गोळ्या संडासात टाकून देणाऱ्या मुलाला ओपीडीच्या रांगेत उत्तर मिळत नाही. कुणी कुठे उपचार घ्यायचे याचा शेवटचा शब्द मात्र त्या माणसाचाच असावा. गावाजवळचे ग्रामीण रुग्णालय एकाला सोयीचे वाटेल, दुसऱ्याला तेच नको असेल.

तिसरे, या खोलीतली माणसे जपली पाहिजेत. समुपदेशक, परिचारिका, औषधनिर्माते, तंत्रज्ञ, माहिती भरणारे यांतले बहुतेक जण वर्षानुवर्षे कंत्राटावर आहेत. विलीनीकरणाची चर्चा निघाली की त्यांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो नोकरीचा, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. कुष्ठरोगात जे हात निसटले ते इथे निसटू द्यायचे नसतील, तर समुपदेशकांना रुग्णालयाच्या कायम रचनेत जागा द्यावी. त्यांचे कौशल्य एचआयव्हीपुरते नाही. मधुमेह, क्षयरोग, फिट्स, कर्करोग अशा प्रत्येक दीर्घ आजारात गोळी रोज घेण्याचा प्रश्न तोच असतो. खोलीने शिकवलेले हे तंत्र रुग्णालयभर पसरले, तर मिसळणे म्हणजे काय याचा खरा अर्थ लागेल. तिथे वेगळेपण बुडत नाही, वाटले जाते.

आमच्या या मतालाही किंमत आहे आणि ती झाकून ठेवू नये. दोन्ही व्यवस्था काही वर्षे शेजारी शेजारी चालवणे खर्चाचे आहे. निवड लोकांवर सोडली की नियोजन अवघड होते. आणि खोली आहे तोवर ‘त्यांना तिकडे पाठवा’ ही सवय सुटायला वेळ लागेल. तरीही हा खर्च करावा, कारण उलट बाजूची चूक दुरुस्त होत नाही. केंद्र उशिरा विलीन झाले तर काही पैसे वाया जातील. घाईने विलीन झाले तर माणसे औषधाबाहेर पडतील, आणि अशी माणसे पुन्हा येतात ती बहुधा स्ट्रेचरवरून.

खोली कधी मोडायची ते ठरवायला समित्या बसतील, तक्ते मांडले जातील. ते व्हावेच, व्हायरल लोड दबलेल्यांचे प्रमाण, तारखा चुकवणाऱ्यांची संख्या ही मापे महत्त्वाची आहेत. आमची एवढीच विनंती की समितीच्या सदस्यांनी एखाद्या सकाळी औषधाच्या खिडकीशी जाऊन ती टोपलीही पाहावी. घरी सासू, जाऊ, सून असताना त्या बाईंना बाटली लेबलासकट फळीवर ठेवता येते का, आणि जिन्यापलीकडच्या ओपीडीत “हो डॉक्टर, मला ही पण गोळी चालू आहे” असे चारचौघांत सांगता येते का? ती टोपली लेबलांनी भरत असेपर्यंत खोली राहू द्या. आणि ती रिकामी राहावी यासाठीचे काम खोलीत नाही, तिच्या बाहेर करायचे आहे, हे लक्षात असू द्या.